कॉम्प्रेसर गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

उन्हाळा लागला की पत्रं वाढतेत, दरवर्षीचंच आहे हे. पारा बेचाळीसच्या वर गेला की माणसं एकवेळ दम धरतेत पण फ्रीज, कुलर, स्टॅबिलायझर काही धरत नाहीत, आणि नेमकी लग्नसराई, बी-बियाणं, पोरांच्या फिया सगळं एकदाच अंगावर आलेलं असतंय. परभणीत तीसेक वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवलं म्हणून हे सदर माझ्याकडं आलं, आता दुकान पोरगं बघतंय आणि मी पत्रं बघायलोय. या वेळी पाच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण असलं पत्र महिन्याला चार-पाच तरी येतेत, गाव तेवढं बदलतंय.

काका, नमस्कार. मी सेलूची, अंगणवाडीत काम करते. २०२० च्या दिवाळीत आम्ही १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रीज घेतला. मागच्या आठवड्यापासून आतला दिवा लागतो पण गार काहीच होईना, आणि मागून दर चार-पाच मिनिटाला टक् असा आवाज यायलाय. कंपनीचा माणूस आला, मागं हात लावून बघितला आणि दोन मिनिटात म्हणला कॉम्प्रेसर गेला. आम्ही म्हणलं दहा वर्षाची वॉरंटी आहे की, दारावर स्टिकरच आहे. तर म्हणला कॉम्प्रेसर फुकट मिळंल पण गॅस, फिल्टर, लेबर, व्हिजिट धरून ५,४०० रुपये होतील. घरचे म्हणायलेत एवढे घालण्यापेक्षा नवाच घेऊ. दुकानदार जुन्याचे १,५०० द्यायलाय आणि नवा १७,५०० ला, हप्त्यावर. जूनमध्ये पोरीची फी आहे. फुकट म्हणून स्टिकर लावायचं आणि मग पैसे मागायचे ही फसवणूक नाही का? आणि दुरुस्त करावा का नवा घ्यावा? – एक ताई, सेलू

ताई, फसवणुकीचं नंतर बघू, आधी तो टक् आवाज बघू, कारण तुमच्या सगळ्या पत्रात कामाची गोष्ट तीच आहे आणि त्या माणसानं नेमकी तीच ऐकली नाही असं दिसतंय.

असं असतंय बघा, कॉम्प्रेसर म्हणजे डब्यात बंद केलेली मोटर आणि पंप. सुरू होताना तिला जोर लागतो, बैलगाडी चिखलातनं काढताना पहिला हिसका लागतो तसा. तो हिसका देण्याचं काम रिलेचं. मोटर उठली नाही तर करंट वाढतो, मोटर तापायला लागती, मग शेजारी एक ओव्हरलोड नावाचं बटणाएवढं यंत्र असतंय ते टक् करून लाईन तोडतं, मोटर जळू नये म्हणून. थंड झालं की परत जोडतं, परत मोटर उठत नाही, परत टक्. म्हणजे तुमचा कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करायलाय आणि उठेना, एवढंच आपल्याला आत्ता माहितीय. मेलाय का नाही ते अजून कुणी बघितलेलंच नाही.

आता उठेना काहून? एक म्हणजे व्होल्टेजच कमी. दुसरं, रिले खराब. ओव्हरलोड स्वतःच कमजोर होऊन लवकर तोडायलाय असं बी असतंय, आणि काही मॉडेलला कॅपॅसिटर असतो तो जातो. शेवटचं म्हणजे खरंच वायंडिंग (मोटरीतलं तारेचं वेटोळं) गेलं किंवा आतून जाम झाला. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं शे-दोनशे, फार तर पाचशेच्या आतलं काम आहे. माझ्या दुकानात कितीतरी फ्रीज टेम्पोत घालून “कॉम्प्रेसर गेला” म्हणून आले आणि रिले बदलून त्याच टेम्पोत परत गेले, टेम्पोचं भाडंच दुरुस्तीपेक्षा जास्त झालं.

म्हणून आधी घरच्या घरी एवढं करा. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर असंल तर काढा आणि सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, आणि पहाटे पाच-साडेपाचला लावून बघा, गल्लीतले कुलर आणि मोटारी कमी असतेत तेव्हा. पहाटे फ्रीज चालला आणि संध्याकाळी परत टक् टक् सुरू झालं तर रोग फ्रीजला नाही, लाईनला आहे. घरात यायला पाहिजे २३० व्होल्ट, सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. गल्लीतल्या कुठल्याबी वायरमनकडं मीटर असतंय, पण रिकाम्या सॉकेटला लावून मोजू देऊ नका, फ्रीज उठायचा प्रयत्न करत असताना त्याच बोर्डावर मोजायचं. रिकामं २२५ दाखवणारं सॉकेट लोड पडला की १७० वर येतंय, मग आतली वायर किंवा जोड सैल आहे असं समजायचं.

व्होल्टेज नीट असंल तर त्या कंपनीच्या माणसाला परत बोलवा, भांडू नका, चहा द्या आणि एकच विचारा, दादा वायंडिंग मोजलं का? कॉम्प्रेसरला तीन पिना असतेत, सी म्हणजे कॉमन, एस म्हणजे स्टार्ट आणि आर म्हणजे रन. एस आणि आर मधलं रीडिंग हे सी-एस आणि सी-आर या दोन्हीच्या बेरजेएवढं यायला पाहिजे, आणि कुठल्याच पिनेपासून बॉडीला काही दाखवायला नको. पाच मिनिटाचं काम आहे. ते बरोबर आलं तर नवीन रिले-ओव्हरलोड लावून बघायला सांगा, तरीबी उठला नाही तर मग आतून जाम आहे, तेव्हा तुम्ही मान्य करा कॉम्प्रेसर गेला म्हणून. (एक सांगून ठेवतो, दारावर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर लिहिलेलं असंल तर हे वायंडिंगचं आणि रिलेचं लागू नाही, त्याला रिले नसतो, सर्किट बोर्ड असतो आणि बोर्ड वॉरंटीत आहे का ते कार्डावर वेगळं बघावं लागतंय.)

आता फसवणूक. स्टिकरवर दहाचा आकडा तळहाताएवढा आणि “फक्त पार्ट” हे मुंगीएवढं, हे मला बी पटत नाही. पण कार्ड काढून वाचा, बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी सगळं आणि पुढची नऊ वर्षं नुसता कॉम्प्रेसर असं लिहिलेलं असतंय. आणि गॅसचे पैसे हे काही हवेतले नाहीत, कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे पाईप कापावा लागतो, पाईप कापला की गॅस गेला, फिल्टर बी बदलावाच लागतो. या फ्रीजमध्ये गॅस असतो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास, चार माणसाच्या चहाला साखर लागती तेवढा. म्हणजे तुम्ही पैसे मोजताय ते गॅसचे कमी आणि वेल्डिंग, व्हॅक्यूम, लीक तपासणं या कामाचे जास्त, मग ते काम नीट करून घ्या. व्हॅक्यूम पंप न लावता गॅस भरायला निघाला तर थांबवा, कारण आत ओलावा राहिला की दोन-तीन महिन्यात परत तेच.

५,४०० चा आकडा मात्र तोंडी घेऊ नका. कशाचे किती हे कागदावर मागा, व्हिजिट, लेबर, गॅस, फिल्टर वेगळं वेगळं, शिक्का किंवा मेसेज काहीतरी पाहिजे. कंपनीचं रेट कार्ड असतंय, ते दाखवा म्हणा. मी बघितलंय, कागद मागितला की आकडा पाचशे-हजारानं आपोआप खाली येतो. नाहीच आला आणि कार्डात लिहिलेल्यापेक्षा वेगळं वागायला लागले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं, तिथं तक्रार नोंदवली की ती कंपनीकडं जाती आणि बऱ्याचदा तेवढ्यानंच फोन सुरू होतेत. त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येती, म्हणजे तुमचं परभणीतच होईल, कंपनी कुठली का असंना. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन बी करता येतं आणि दोन वर्षाच्या आत करायची. पण मनातलं सांगू का, पाच हजारासाठी तारखा करण्यापेक्षा १९१५ लावून बघा आधी.

दुरुस्त का नवा? माझं मत दुरुस्त. चार-पाच वर्षाचा फ्रीज म्हणजे पोरगंच आहे अजून. घरचे म्हणतेत ते ५,४०० विरुद्ध १७,५०० असं नाहीच. नव्याला वर स्टॅबिलायझर, गावातली वाहतूक, स्टॅन्ड, हप्त्याची प्रोसेसिंग फी, आणि काउंटरवर पेन हातात दिल्यावर गळ्यात पडणारी एक्स्टेंडेड वॉरंटी, असं करत करत विसाच्या वर जातंय. “बिनव्याजी” हप्ता लिहिलंय तिथं एकूण किती भरायचे ते एकदा गुणाकार करून बघा, रोख घेतल्यावर किती कमी करता ते बी विचारा, दोन्हीतला फरक म्हणजेच व्याज. आणि घर जुनं माळवदाचं असंल तर दाराची उंची-रुंदी मोजल्याशिवाय मोठा फ्रीज आणू नका, मानवतला एकानं आणलेला डबल डोअर चार दिवस ओसरीत उभा होता, शेवटी चौकट काढली.

नवा घ्यायची वेळ एकाच कारणानं येऊ शकती. मेकॅनिकनं प्रेशर लावून सांगितलं की लीक फ्रीजच्या भिंतीच्या आत, पफमध्ये म्हणजे तिथं भरलेल्या फोममध्ये आहे, तर मात्र पैसे घालू नका, तिथपर्यंत हात पोचत नाही आणि गॅस भरला तरी परत जाणार.

राहिलं एक. पत्रात लिहिलं नाही पण फ्रीज कुठं ठेवलाय? फ्रीजच्या मागं स्टिकरवर एक अक्षर असतंय, एन, एसटी किंवा टी. टी म्हणजे बाहेर ४३ अंशापर्यंत नीट चालावा असा बनवलेला, एसटी ३८ पर्यंत, एन ३२ पर्यंत. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या स्वयंपाकघरात दुपारी दोनला ४३ च्या पुढं जातंय, त्यात शेजारी गॅसची शेगडी आणि मागून भिंतीला चिकटवलेला. मग दुरुस्त केलेला बी जाणार आणि नवा आणला तर तो बी जाणार. मागं वीतभर जागा सोडा, जमलं तर मधल्या खोलीत आणा, आणि बर्फ साचला तर चाकूनं खरवडू नका. सिंगल डोअरला चाकूनं भोक पाडून आणणारे दर उन्हाळ्यात येतेत, बहुतेक जावई माणसं.

काका, आमच्या गल्लीत पाडव्याच्या आदल्या रात्री एकाएकी लाईट लखलखीत झाली, बल्ब फुटले, आणि सात-आठ घरातले टीव्ही, फ्रीज, चार्जर सगळे गेले. समोरच्या घरी मात्र काहीच झालं नाही, उलट त्यांचे दिवे मिणमिण करत होते. आमच्याकडं तर नवीन एमसीबी बसवलेली आहे, ती पडलीच नाही. मेकॅनिक टीव्ही-फ्रीज मिळून १४,००० सांगायलाय. भरपाई मिळती का? – एक वाचक, बीड

भाऊ, हे न्यूट्रल गेल्याचं काम. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. फेज-न्यूट्रलमध्ये २३० आणि फेज-फेजमध्ये ४००. न्यूट्रल मधेच तुटला की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत गुंतून त्या ४०० वर लटकतेत, आणि तिथं वाटणी अशी होती की ज्याच्या घरी लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. समोरच्याकडं गिझर किंवा इस्त्री चालू असंल, त्यांचे दिवे मिणमिणले. तुमच्याकडं नुस्ता टीव्ही-फ्रीज, तुम्हाला तीनशेच्या वर मिळालं. जास्त वापरणारा वाचला आणि काटकसर करणारा जळाला, असला उफराटा न्याय आहे. एमसीबीला काही बोलू नका, ती करंट जास्त झाला की पडती, व्होल्टेजचं तिला काही कळत नाही. त्यासाठी मेन बोर्डात हाय-लो व्होल्टेज कट-ऑफ वेगळा बसवावा लागतो, तो पाहिजेच आता.

१४,००० देण्याआधी टीव्ही-फ्रीजमधला सर्किट बोर्ड उघडून बघायला सांगा. बऱ्याच बोर्डावर लाईन आत येती तिथंच फ्यूज आणि त्याच्याजवळ एक गोल चपटी गोळी असती, एमओव्ही म्हणतेत तिला, व्होल्टेज वाढलं की ती स्वतः फुटती, फ्यूज उडवती आणि मागचं वाचवती. फुटलेली असंल तर काळा डाग दिसतोच. दहा-वीस रुपयाच्या त्या गोळीनं आणि फ्यूजनं अर्धे बोर्ड जिवंत होतेत, पण कंपनीवाले बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतेत, म्हणून आकडा फुगतो. स्टेशन रोडला किंवा मोंढ्यात कुठंतरी पीसीबीवर, म्हणजे या सर्किट बोर्डावर, काम करणारं पोरगं बसलेलं असतंय, ते शोधा.

भरपाई मिळू शकती पण आपोआप नाही. १९१२ या विजेच्या तक्रारीच्या फोनवर तक्रार करून तिचा नंबर घ्या. सगळ्या घरांनी मिळून एक अर्ज करा, तारीख, वेळ, काय काय जळालं ते लिहा, वीज कंपनीच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, पोच नसंल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. जळालेले पार्ट फेकू नका, मेकॅनिककडून “जास्त व्होल्टेजनं जळालं” असं लेखी घ्या. न्यूट्रल जोडायला माणूस आला होता तर त्याचा खांबावरचा फोटो कुणाकडं तरी असंलच. ऑफिसात दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याखाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, ग्राहक आयोगात बी जाता येतं. एकट्यानं गेलात तर तुमचीच वायरिंग खराब म्हणून काढून देतेत, आठ घरं एकाच रात्री जळाली म्हणल्यावर तसं म्हणता येत नाही.

गिझरची कॉईल तीन वर्षात दुसऱ्यांदा गेली, आता मेकॅनिक म्हणतो टाकीच गळायलीय, नवा घ्या. घरी बोअरचं पाणी आहे. कंपनी बदलावी का? – लातूर

कंपनी बदलून काय होणार, पाणी तेच आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून लातूरकराला पाण्याचं काही सांगायची सोय नाही, पण बोअरचं पाणी तापवलं की त्यातले क्षार खाली बसतेत आणि कॉईलवर चुन्याचा थर चढतो, थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉईल आतल्या आत भाजून मरती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅम बरा, दुसरं पाणीच नसंल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, तुमचं किती आहे ते एकदा तपासून घ्या. टाकी गळत असंल तर जुन्यावर पैसे घालू नका, नवाच घ्या. नव्याला तापमान ५०-५५ च्या वर ठेवू नका, जास्त तापवलं की थर जास्त. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड बघा, टाकीच्या ऐवजी गंजायचं काम त्याचं असतंय, तो संपला की टाकीचा नंबर. घेताना कार्डावर पाण्याची अट आहे का ते आधी वाचा, बऱ्याच कार्डांवर असती, आणि तुमचं पाणी त्यात बसत नसंल तर पाच-सात वर्षाची वॉरंटी तुमच्यासाठी नाहीच असं धरून किंमत करा.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की फ्रीजचा गॅस कुठल्याही गल्लीतल्या मेकॅनिककडून भरून घ्या, स्वस्त पडतो. मी स्वतः मेकॅनिक आहे. आर-६०० गॅस पेट घेतो हे का नाही लिहिलं? – जिंतूर

बरोबर आहे बाबा, चुकलं माझं. आमचं आयुष्य आर-१२ आणि मग १३४ मध्ये गेलं, ते पेटत नव्हते, बिडी ओढत ओढत गॅस भरलाय लोकांनी. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या भाऊबंदकीतला. आता घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक तोच येतो. हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो. म्हणून वाचकहो, फ्रीजच्या मागच्या कॉम्प्रेसरवर आर-६००ए किंवा ज्वाळेचं चित्र असंल तर ज्याला त्याचं काम येतं त्यालाच हात लावू द्या, खिडक्या उघडा, देवघरातला दिवा बी विझवा त्या वेळी, आणि जुना गॅस आत असताना वेल्डिंगचा टॉर्च पेटवायला निघाला तर त्याला हाताला धरून बाहेर काढा. दोनशे रुपये वाचवायच्या नादात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.

आमचा जुना फ्रीज पार गेला. भंगारवाला ८०० म्हणतो. आई म्हणती देऊ नको, त्यात ज्वारी-डाळी ठेवू, उंदीर लागत नाहीत. ठेवावा का? – अंबाजोगाई

आईचं बरोबर आहे, उंदीर लागत नाहीत. ८०० तर कमीच आहेत, आत तांबं असंल, दोघा-तिघांना विचारा, आणि द्यायचाच असंल तर नवा घेताना एक्स्चेंजमध्ये जास्त येतेत का बघा. ठेवणार असाल तर वायर कापून टाका. धान्य कडक वाळवून भरा, आत हवा खेळत नाही, जरा ओल राहिली की बुरशी धरती. आणि घरात किंवा शेजारी लहान लेकरं असतील तर त्याचं दार काढा किंवा कुलूप लावून किल्ली वर ठेवा. लपाछपी खेळताना लेकरू आत बसलं आणि दार लागलं तर त्याला आतनं ढकलून उघडता येईलच असं नाही, आणि त्या रबरातनं आवाज बी फारसा बाहेर येत नाही. जुना, खटक्यानं दार लागणारा फ्रीज असंल तर कुलपावर बी भरवसा नको, दार आजच काढा.